विद्वानांचा यजमान

वर्म्स हे नाव आपल्याकडे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून पोहोचतं आणि तिथेच थांबतं. एप्रिल १५२१. समोर सम्राट पाचवा चार्ल्स, भोवती सरदार आणि धर्माधिकारी, आणि मार्टिन लूथर नावाचा एक मठवासी आपलं लिखाण मागे घ्यायला नकार देतो. हे घडलं तो ऱ्हाइनकाठच्या या गावातला बिशपांचा वाडा होता, कॅथेड्रलला अगदी लागून. वाडा आता उरलेला नाही. त्या जागी बाग आहे आणि बागेत लूथरची आठवण म्हणून ब्राँझचे दोन मोठे बूट बसवले आहेत. येणारे-जाणारे त्यांत पाय घालून फोटो काढून घेतात.

लूथरच्या आधी त्या वाड्याचा धनी कोण होता, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. १४८२ ते १५०३ अशी एकवीस वर्षं वर्म्सच्या बिशपपदावर योहान फॉन डालबर्ग हा माणूस होता. लूथर तिथे आला तेव्हा त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती. पण लूथरच्या पिढीला मूळ ग्रीक आणि मूळ हिब्रू वाचायची जी ओढ लागली, ती जर्मन भूमीत कुठून आली याचा माग काढत गेलं की वाट पुन्हा पुन्हा डालबर्गच्या दारात येते. कुणी त्याच्या घरी राहायला होता, कुणी त्याच्या ग्रंथालयात बसून वाचत होता, कुणी आपला ग्रंथ त्याला अर्पण केला होता.

त्याचं स्वतःचं लिखाण जवळजवळ काहीच उरलेलं नाही. जर्मन आणि ग्रीक या भाषांतल्या मिळत्याजुळत्या शब्दांचा मोठा संग्रह त्याने केला होता, जुन्या नाण्यांवरही त्याचं काम होतं, असं त्याचे समकालीन सांगतात. ते सगळं हरवलं. वाङ्मयाचे इतिहास पुस्तकांच्या आधारे लिहिले जातात, त्यामुळे ज्याचं पुस्तक नाही त्याला त्यात जागा मिळत नाही. मला ही उणीव खटकते. ज्याने लिहिणाऱ्याला खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, दुर्मीळ हस्तलिखितं हाताशी ठेवली आणि वर त्याला त्याच्या कलाने काम करू दिलं, त्याचा त्या लिखाणात काहीच वाटा नाही का?

डालबर्गचा जन्म १४ ऑगस्ट १४५५चा, ऱ्हाइनकाठच्याच ओपेनहाइम गावचा. घराणं जुनं आणि मानाचं. वर्म्सच्या बिशपांच्या दरबारातलं 'केमरर' म्हणजे खजिन्याच्या कारभाऱ्याचं पद या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सम्राटाच्या राज्याभिषेकाच्या वेळी भालदार 'डालबर्गांपैकी कुणी हजर आहे का?' असं विचारायचा आणि नाइटपदाचा पहिला मान त्या घराण्यातल्या माणसाला मिळायचा, अशी परंपरा आहे. वडील वोल्फगांग हे पॅलाटिनेटच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. सम्राटाची निवड करण्याचा हक्क ज्या सात जणांना, म्हणजे 'इलेक्टरां'ना, होता त्यांतला एक म्हणजे पॅलाटिनेटचा अधिपती, आणि त्याची राजधानी हायडेलबर्ग. वर्म्स आणि हायडेलबर्ग ही दोन गावं पुढे डालबर्गच्या आयुष्यातही अशीच दोन टोकांना राहिली. एकाने त्याला दुःख दिलं, दुसऱ्याने सुख.

अशा घरातल्या हुशार मुलाला त्या काळी चर्चमध्ये पाठवणं ही रूढ रीत होती. चर्चमधल्या पदांना जमिनीचं, दशमांशाचं उत्पन्न जोडलेलं असे. मुलगा कोवळ्या वयात कॅनन, म्हणजे कॅथेड्रलच्या धर्ममंडळाचा सभासद, व्हायचा आणि त्या उत्पन्नावर शिकायचा. डालबर्ग लहान वयातच एरफुर्टच्या विद्यापीठात गेला आणि तिथून कायदा शिकायला आल्प्स ओलांडून इटलीत. १४७४ साली तो पावियाच्या विद्यापीठाचा रेक्टर झाला. विशीही न गाठलेला मुलगा रेक्टर कसा, असं आज वाटेल. पण इटलीतल्या कायद्याच्या विद्यापीठांत तेव्हा रेक्टर विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई, आणि पद मिरवायचं तर पदरचे पैसेही लागत. सरदारपुत्राला ते जड नव्हतं.

त्या पदग्रहणाच्या समारंभात स्वागतपर भाषण करणारा माणूस होता रुडॉल्फ अग्रिकोला. डालबर्गपेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठा, उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनजवळच्या बाफ्लो गावचा. अग्रिकोलाला काय येत नव्हतं असंच विचारावं लागेल. लॅटिनवर त्याची हुकमत इतकी की इटालियन लोकही मान डोलवत. ग्रीक शिकायला तो पुढे फेरारात गेला आणि तिथल्या ड्यूकच्या चॅपेलमध्ये ऑर्गनवादक म्हणून नोकरी करून त्याने आपला खर्च भागवला. पावियात अग्रिकोला, डालबर्ग आणि श्वाबेन प्रांतातला डीट्रिख फॉन प्लीनिंगेन यांची गट्टी जमली. उत्तरेकडची माणसं म्हणजे रानटी, हा इटालियन विद्वानांचा शेरा तिघांनाही ठाऊक होता आणि तो त्यांना लागत होता. आपल्या देशातही ही विद्या नांदली पाहिजे, ही जिद्द त्यांनी तिथे धरली. तरुणपणी परदेशात अशी स्वप्नं पुष्कळ जण पाहतात. परत आल्यावर सत्ता हाती आली तेव्हाही डालबर्ग ते विसरला नाही, म्हणून हा लेख.

सत्ता आली आणि फार लवकर आली. १४८० साली तो वर्म्सच्या कॅथेड्रलचा प्रोव्होस्ट, म्हणजे तिथल्या धर्ममंडळाचा प्रमुख, झाला. हायडेलबर्ग विद्यापीठाचं कुलपतिपद त्या प्रोव्होस्टकडेच असे, कारण पदव्यांवर चर्चची मोहोर लागे. दोन वर्षांत, वयाच्या जेमतेम सत्ताविसाव्या वर्षी, तो वर्म्सचा बिशप झाला. या निवडीमागे पॅलाटिनेटचा इलेक्टर फिलिप याचं वजन होतं. त्याच फिलिपने त्याला आपला चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, नेमलं. बिशप, विद्यापीठाचा पाठीराखा आणि एका बलाढ्य संस्थानाचा कारभारी अशा तिन्ही किल्ल्या एका तरुणाच्या कमरेला आल्या.

हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ सालचं. मराठी वाचकाला ते परकं नाही. खंडोबा, बिरोबा, धनगर आणि वारी यांचा अभ्यास करत महाराष्ट्रातल्या माळरानांवर हिंडलेले गुंथर सोन्थायमर याच विद्यापीठात प्राध्यापक होते. डालबर्गच्या काळात मात्र तिथे जुन्या वळणाचा दबदबा होता. ठरलेले ग्रंथ, ठरलेल्या टीका, वादविवादाच्या ठरलेल्या पायऱ्या. कविता, इतिहास, वक्तृत्व ही तिथे दुय्यम मानली जात, आणि ग्रीकला तर वर्गच नव्हता. डालबर्गने ही व्यवस्था मोडायचा प्रयत्न केला नाही. त्याने विद्यापीठाच्या बाहेर, आपल्या घरात, दुसरं केंद्र उभं केलं. माझ्या मते त्याचा सगळ्यांत शहाणा निर्णय हाच.

पहिलं बोलावणं अर्थातच अग्रिकोलाला गेलं. अग्रिकोला नोकरीला बुजणारा माणूस. अँटवर्पकरांनी त्याला शाळा चालवायला बोलावलं होतं, पगारही देऊ केला होता. पण रोज मुलांना शिकवण्यात आपलं वाचन बुडेल ही भीती त्याला होती. डालबर्गने त्याच्यावर कसलंच बंधन घातलं नाही. माझ्या घरी राहा, वाटलं तर शिकव, नाहीतर वाच. १४८४च्या वसंतात अग्रिकोला हायडेलबर्गला आला. अँटवर्पच्या याकोब बार्बिरो या संगीतकार मित्राला त्याने अभ्यास कसा करावा यावर जे लांबलचक पत्र लिहिलं, ते याच वर्षीचं. पुढे ते पत्र छापलं गेलं आणि शिक्षणावरचं पुस्तक म्हणून कितीतरी पिढ्यांनी वाचलं.

हायडेलबर्गात येऊन, चाळिशी गाठल्यावर, या माणसाने हिब्रू शिकायला घेतलं. त्यासाठी यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेल्या एका शिक्षकाची सोय डालबर्गने आपल्याच घरात केली होती. हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ख्रिस्ती युरोपात तेव्हा हिब्रू जाणणारे विद्वान बोटांवर मोजण्याइतके. बायबलचा अर्धाअधिक भाग ज्या भाषेत लिहिला गेला, ती भाषा शिकवायला विद्यापीठांत कुणी नव्हतं. ती यायची ती यहुदी वस्तीतून. आणि वर्म्समधली यहुदी वस्ती तर जर्मन भूमीतल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक, अकराव्या शतकात राशीसारखा थोर भाष्यकार जिथे शिकायला आला होता ती. अशा गावच्या बिशपाने आपल्या घरात हिब्रूचा वर्ग चालवावा याला अर्थ होता. मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचायचा, हा आग्रह पुढे युरोपात केवढी उलथापालथ करणार होता, याची त्या घरात कुणाला कल्पना असणं शक्य नव्हतं.

१४८५ साली नवे पोप, आठवे इनोसंट, यांचं अभिनंदन करायला इलेक्टरच्या वतीने डालबर्ग रोमला निघाला. अग्रिकोला बरोबर होता. पोपसमोर जुलैमध्ये जे भाषण झालं ते अग्रिकोलाने लिहिलेलं होतं. परतीच्या वाटेवर अग्रिकोलाला ताप भरला आणि आल्प्सच्या पायथ्याशी ट्रेंटो गावात त्याला मागे राहावं लागलं. कसाबसा तो हायडेलबर्गला पोहोचला आणि २७ ऑक्टोबर १४८५ला तिथेच गेला. फ्रान्सिस्कन मठात त्याला पुरलं. त्याच्यासाठी मृत्युलेख रचला तो व्हेनिसच्या एर्मोलाओ बार्बारोने. ज्या इटलीला जर्मन लोक रानटी वाटत, तिथल्या एका अव्वल विद्वानाने हे केलं.

दीड वर्षाचा हा मुक्काम. त्यातून नवा मोठा ग्रंथ निघाला नाही. हिशेब करणारा म्हणेल, पैसा वाया गेला. पण त्या दीड वर्षात अग्रिकोलाभोवती जे तरुण जमत, त्यांत वीपफेल्ड गावच्या द्राक्षमळेवाल्याचा एक मुलगा होता. लॅटिनमध्ये त्याने स्वतःला नाव घेतलं कोनराड सेल्टिस. १४८७ साली सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने न्युरेंबर्गच्या किल्ल्यात याच सेल्टिसला राजकवीचा मुकुट घातला; जर्मन माणसाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. अग्रिकोलाचे कागद विखुरले जाऊ नयेत म्हणून प्लीनिंगेन बंधूंनी ते गोळा केले, योहान फॉन प्लीनिंगेनने त्याचं चरित्र लिहिलं. तर्क आणि वक्तृत्व यांची सांगड घालणारा त्याचा मुख्य ग्रंथ १५१५ साली लुव्हेन इथे छापला गेला आणि सोळाव्या शतकात युरोपभरच्या विद्यापीठांत पाठ्यपुस्तक झाला. लहानपणी डेव्हेंटरच्या शाळेत आपण अग्रिकोलाला पाहिलं होतं, हे इरॅस्मस म्हातारपणापर्यंत अभिमानाने सांगत असे.

सेल्टिस दहा वर्षांनी पुन्हा हायडेलबर्गला आला. १४९५च्या सुमाराला ऱ्हाइनकाठच्या विद्वानांचं एक मंडळ त्याने उभं केलं, आणि त्याचं प्रमुखपद डालबर्गकडे आलं. मंडळ म्हणजे इमारत, कार्यालय, वार्षिक सभा असं काही डोळ्यांसमोर आणू नये. पत्रं, जेवणाच्या पंगती, एकमेकांना पाठवलेल्या कविता, उसनी नेलेली हस्तलिखितं, छापखान्याला लिहिलेली शिफारस यांतून ते चालत असे. मठाधिपती त्रिथेमियस, शिक्षणाचा तळमळीचा पुरस्कर्ता याकोब विम्फेलिंग, कायदेपंडित, वैद्य, खगोल जाणणारे असे लोक त्यात होते. रेगेन्सबर्गच्या मठात सेल्टिसला दहाव्या शतकातल्या रोस्विथा या जोगिणीची लॅटिन नाटकं सापडली. ती १५०१ साली न्युरेंबर्गला छापली गेली, तेव्हा पुस्तकाच्या आरंभी या मित्रमंडळींच्या स्तुतिपर कविता होत्या. पाचशे वर्षं अंधारात पडलेली एक लेखिका अशी उजेडात आली.

पण डालबर्गचं घर कसं होतं हे पाहायचं तर १४९७ सालचा जानेवारी महिना पाहावा. योहानेस रॉइखलिन तेव्हा त्याच्या आश्रयाला होता. रॉइखलिन आणि डालबर्ग एकाच वर्षी जन्मलेले. एक फॉर्त्सहाइम गावच्या साध्या घरातला, दुसरा सरदार. रॉइखलिन व्युर्टेम्बर्गच्या दाढीवाल्या एबरहार्ड ड्यूकच्या पदरी होता. १४९६च्या फेब्रुवारीत ड्यूक वारला आणि नव्या राजवटीत होल्झिंगर नावाचा एक धर्मपुरुष वर चढला. या होल्झिंगरला पूर्वी तुरुंगात घालण्यात रॉइखलिनचा हात होता. जिवाला धोका होता. रॉइखलिन पळाला तो थेट हायडेलबर्गला, डालबर्गकडे. दोनच वर्षांपूर्वी त्याने हिब्रूतल्या ईश्वरनामाच्या गूढावरचा आपला ग्रंथ डालबर्गला अर्पण केला होता. आता तो त्याच्या ग्रंथालयात बसून वाचू लागला आणि विरंगुळा म्हणून लॅटिनमध्ये नाटकं लिहू लागला.

पहिलं नाटक 'सेर्गियस'. त्यात धर्मवेषातल्या भोंदूवर कडक कोरडे होते. डालबर्गने ते वाचलं आणि रंगमंचावर आणू नको असा सल्ला दिला. इलेक्टरच्या दरबारातल्या कुणाला ते झोंबलं असतं, तर पाहुणाच अडचणीत आला असता. रॉइखलिनने ऐकलं आणि दुसरं लिहिलं, 'हेन्नो'. ३१ जानेवारी १४९७ला ते डालबर्गच्या घरी झालं, विद्यार्थ्यांनी केलं.

गोष्ट अशी. हेन्नो नावाचा शेतकरी बायकोने लपवून ठेवलेली सोन्याची नाणी चोरतो आणि ड्रोमो या गड्याला कापड आणायला शहरात पाठवतो. ड्रोमो कापड उधारीवर घेतो, पैसे धनी देईल म्हणून सांगतो, कापड परस्पर विकून टाकतो आणि मूळची नाणीही खिशात घालतो. प्रकरण न्यायाधीशापुढे जातं. वकील ड्रोमोला शिकवून ठेवतो: काहीही विचारलं तरी मेंढरासारखं 'ब्ले' एवढंच म्हणायचं. ड्रोमो तसंच करतो. खुळा आहे म्हणून न्यायाधीश त्याला सोडून देतो. मग वकील आपली फी मागतो, आणि ड्रोमो त्यालाही म्हणतो, 'ब्ले!' शेवटी पैसेही त्याचे आणि हेन्नोची मुलगीही त्याचीच बायको होते.

कथेचं बीज 'पाथलँ' या फ्रेंच प्रहसनातलं आहे. बांधणी प्लॉटस आणि टेरेन्स या रोमन नाटककारांच्या घाटाची, अंकांच्या मध्ये समूहगीतं आणि त्यांना चाली. जर्मन भूमीतल्या लॅटिन विनोदी नाटकाची खरी सुरुवात या प्रयोगापासून धरतात. पुढच्याच वर्षी ते बाझेलला छापलं गेलं आणि नंतर त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. १५३१ साली न्युरेंबर्गच्या हान्स साक्स या चांभार-कवीने ते जर्मनमध्ये आणलं. एका बिशपच्या दिवाणखान्यात, एका परागंदा झालेल्या माणसाने लिहिलेलं, वकिलांना आणि न्यायसभेला हसणारं हे नाटक. लिहिणारा स्वतः वकील आणि ज्याच्या घरी ते झालं तो स्वतः कायदा शिकलेला कारभारी. त्या रात्री त्या घरात सगळे मनापासून हसले असतील, याबद्दल मला शंका नाही.

त्याच सुमाराला रॉइखलिनच्या भावाला, डायोनिसियसला, विद्यापीठात ग्रीक शिकवायला नेमायचा प्रयत्न झाला. इलेक्टरचा पाठिंबा असूनही जुन्या अध्यापकांनी तो अडवला. म्हणजे घरात जे सहज होत होतं, ते विद्यापीठात तेव्हाही होत नव्हतं.

हायडेलबर्गपासून नेकर नदीकाठाने दहाएक किलोमीटरवर लाडेनबुर्ग आहे. रोमनांचं लोपोदुनुम ते हेच. वर्म्सच्या बिशपांचा एक वाडा इथे होता. आज त्या वास्तूत गावाचं वस्तुसंग्रहालय आहे. डालबर्गचं ग्रंथालय इथे होतं: लॅटिन, ग्रीक, हिब्रू. त्यातले काही ग्रंथ त्याने इटलीतून आणवले. काही जवळच्या लोर्शच्या मठातून आणले, असं सोळाव्या शतकातला भूगोलकार सेबास्टियन म्युन्स्टर लिहून गेला आहे. लोर्शचा मठ ७६४ सालचा, शार्लमेनच्या काळात भरभराटीला आलेला. तिथलं ग्रंथालय नवव्या शतकात युरोपातल्या मोठ्या ग्रंथालयांत गणलं जाई. पंधराव्या शतकात मठाची कळा गेली होती आणि मठ पॅलाटिनेटच्या ताब्यात होता. कारभारी डालबर्गने तिथली हस्तलिखितं लाडेनबुर्गला हलवली.

याकडे कसं पाहायचं? ज्या मठाने सातशे वर्षं ग्रंथ जपले, त्याच्याकडून सत्तेच्या जोरावर ते उचलून नेणं निर्दोष म्हणता येत नाही. पण तिथे ते वाचायला कुणी उरलं नव्हतं, हेही खरं. डालबर्गनंतर, १५२७ साली, सिमॉन ग्रिनेउस याला लोर्शमध्ये लिव्हीच्या रोमच्या इतिहासाची एकेचाळीस ते पंचेचाळीस ही पुस्तकं सापडली. जगात त्यांची दुसरी जुनी प्रत नाही. अशा वस्तू तिथे कपाटात नुसत्या पडून होत्या. मी डालबर्गच्या बाजूने कौल देईन, पण खळखळ करून.

वर्म्सचं दुखणं वेगळं होतं. शहर स्वतःला थेट सम्राटाच्या छत्राखालचं, स्वतंत्र मानत होतं. बिशप म्हणत, शहराचे धनी आम्ही. नगरसभा कुणी नेमायची, शपथ कुणी कुणाला घ्यायची, धर्माधिकाऱ्यांनी कर भरायचा की नाही, त्यांच्या मळ्यांतली वाइन शहरात करमुक्त विकायची की नाही, असे हे वाद. डालबर्गच्या आधीपासूनचे ते, त्याच्या काळात चिघळले. १४९५ साली राजा मॅक्सिमिलियनने वर्म्सला मोठी राज्यसभा भरवली. खाजगी लढायांवर बंदी आणि साम्राज्याचं सर्वोच्च न्यायालय, असे निर्णय तिथे झाले. पण साम्राज्यात शांतता आणणाऱ्या या शहरात आणि त्याच्या स्वतःच्या बिशपात शांतता नव्हती. वर्म्सचा बर्गोमास्टर, म्हणजे नगरप्रमुख, राइनहार्ड नोल्त्स याची १४९३ ते १५०९ या वर्षांची रोजनिशी उपलब्ध आहे. शहराच्या नजरेतून हा झगडा कसा दिसत होता, ते तिच्यात वाचायला मिळतं. १४९९ साली धर्माधिकाऱ्यांनी शहर सोडलं. तडजोड झाली ती १५०९ साली, डालबर्गच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

कॅथेड्रलमध्ये मात्र त्याची खूण आहे. त्याच्या काळात कॅथेड्रलशेजारचा ओवऱ्यांचा चौक नव्याने बांधायला घेतला गेला आणि त्याच्या भिंतींसाठी वालुकाश्मात प्रचंड शिल्पपट कोरले गेले. चौक पुढे नष्ट झाला. शिल्पपट आज कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या भागात लावलेले आहेत. त्यांतला येशूच्या वंशवृक्षाचा पट १४८८चा. खाली आडवा झोपलेला इशाय, त्याच्या देहातून फुटलेला वेल, वेलाच्या विळख्यांतून डोकावणारे यहुदाचे राजे. हा पट पाहताना माणसाला जाणवतं, की शहराशी भांडत असतानाही डालबर्गने शहराच्या देवघरावर खर्च केला होता.

तो खर्च येत कुठून होता, हे विचारलंच पाहिजे. दशमांशातून, चर्चच्या जमिनीतून, एकाच माणसाकडे साठलेल्या अनेक पदांतून. विम्फेलिंगने १४८० साली हायडेलबर्गमध्ये 'स्टिल्फो' नावाचं एक लॅटिन नाट्य लिहिलं. त्यातला स्टिल्फो रोमहून चर्चची पदं खिशात घालून येतो, परीक्षेत नापास होतो आणि शेवटी डुकरं राखतो. पदांच्या त्या बाजारावरचा राग ज्या वर्तुळात वाढला, त्याच वर्तुळाच्या मधोमध, त्याच व्यवस्थेने तरुणपणीच बिशप केलेला माणूस बसला होता. १५०२ साली, शेजारच्या श्पायरच्या बिशपच्या परिक्षेत्रात, योस फ्रिट्झच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी 'बुंडशू' म्हणजे शेतकऱ्याच्या बांधीव जोड्याचं निशाण घेऊन बंडाचा कट केला. त्यांचा रोख धर्माधिकाऱ्यांच्या करांवरच होता. डालबर्गच्या ग्रंथालयातली ग्रीक हस्तलिखितं कुणाच्या तरी धान्याच्या मोबदल्यात आली होती. ज्यांचं धान्य गेलं त्यांची नावं कुठल्याही अर्पणपत्रिकेत नाहीत. डालबर्गची थोरवी मी मानतो, पण ही बाजू झाकून नाही.

२७ जुलै १५०३ला, अठ्ठेचाळीस वर्षंही पूर्ण न झालेला डालबर्ग हायडेलबर्गमध्ये वारला. वर्म्सच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलं. जिवंतपणी ज्या शहरात त्याला सुखाने राहता आलं नाही तिथे. पुढच्याच वर्षी पॅलाटिनेट वारसाहक्काच्या युद्धात होरपळलं आणि मंडळी पांगली. रॉइखलिन श्टुटगार्टला परतला होता. १५०६ साली त्याने ख्रिस्ती वाचकांसाठी हिब्रूचं व्याकरण आणि कोश छापला आणि पुढे यहुदी ग्रंथ जाळायच्या मागणीविरुद्ध एकट्याने उभा राहिला. त्याच्या भाचीचा मुलगा म्हणजे मेलांख्थॉन, लूथरचा उजवा हात.

ग्रंथालय फुटलं. लोर्शच्या पुष्कळ हस्तलिखितांप्रमाणे त्यातलंही बरंच काही हायडेलबर्गच्या पॅलाटिना ग्रंथालयात जमा झालं. तीस वर्षांच्या युद्धात, १६२२ साली, टिलीच्या कॅथलिक सैन्याने हायडेलबर्ग घेतलं. पुढच्या वर्षी लिओने आलाच्ची या ग्रंथपालाच्या देखरेखीखाली पॅलाटिना खेचरांवर लादून आल्प्सपार रोमला पोपच्या स्वाधीन करण्यात आली. जी विद्या डालबर्गच्या पिढीने इटलीतून वर आणली, तिचे ग्रंथ त्याच डोंगरवाटेने खाली गेले. १६८९ आणि १६९३ साली फ्रेंच सैन्याने वर्म्स, ओपेनहाइम, हायडेलबर्ग जाळलं. 'हेन्नो' जिथे झालं ते घर त्यानंतर कुठून उरणार? १८१६ साली ८४७ जर्मन हस्तलिखितं हायडेलबर्गला परत मिळाली. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू यांतली बहुतेक व्हॅटिकनमध्येच राहिली.

डालबर्गचं सविस्तर चरित्र लिहिलं गेलं ते १८८७ साली, कार्ल मोर्नेवेगकडून. बिशप म्हणून तो आपल्या शहराला जिंकू शकला नाही, हे त्याच्या चरित्रातून लपत नाही. विद्वानांचा यजमान म्हणून त्याच्या तोडीचा दुसरा धर्माधिकारी त्या पिढीच्या जर्मनीत मला दिसत नाही.

लोर्शच्या मठाची जगभर विखुरलेली हस्तलिखितं हायडेलबर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयाने आता संगणकावर एकत्र आणली आहेत, पॅलाटिनाचीही. पाचव्या-सहाव्या शतकातली व्हर्जिलची एक प्रतसुद्धा त्यांत आहे, 'रस्टिक' नावाच्या अरुंद वळणाच्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली. पानं पाहायला पैसे पडत नाहीत, परवानगी लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एखादी दुपार त्यासाठी जरूर काढा, घरातल्या मुलांनाही शेजारी बसवा.